बांधातल्या पाण्याचं वाक्य

गुरुजी, स्कूटरची किल्ली टेबलावर समोर ठेवली आहे आणि तिच्या शेजारी कागद घेऊन बसलो आहे. नातीची शाळा दुपारी सुटते. नेरूळहून उलव्याला वेळेवर पोचायचं तर थोड्या वेळात निघावं लागेल. तेवढ्यात हे लिहून होईल की नाही सांगता येत नाही, पण लिहिल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही असं ठरवलं आहे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मला नीट माहीत नाही. कंपनीत असताना तुमच्या गावाकडचा एक फिटर भेटला होता. डबा खाता खाता तो म्हणाला, मास्तर गेले की, बरेच दिवस झाले. म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. मी त्या दिवशी एखाद्या पंपाजवळ उभा राहून हा आज गळेल का, याची काळजी करत असेन. तुम्हाला हसू येईल. मी अजून तसाच आहे.

घरात माझी यावरून चेष्टा चालते. गॅस बंद केला का, म्हणून मी अर्ध्या जिन्यातून परत येतो. इमारतीच्या खांबावर चीर दिसली की सोसायटीच्या सेक्रेटरीला हात धरून दाखवायला नेतो, आणि तो बिचारा दर वेळी सांगतो की काका, हा रंगाचा पापुद्रा आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, टेन्शन घ्यायची तुम्हाला हौस आहे." बायको शेजारणीला सांगत होती, यांना एखाद दिवस कसली काळजी नसली, तर आज काळजी कशी नाय म्हनून घाबरतात. मला वाटलेली प्रत्येक भीती मी मोठ्याने बोलून टाकतो, जन्मभर बोललो. आणि आता एक खरी गोष्ट आहे, ती मात्र दिवाळीपासून कोणाला सांगितलेली नाही. मला डावीकडचं दिसेनासं होत चाललंय.

समोरचं नीट दिसतं. पेपर वाचतो, सुईत दोरा ओवून देतो. पण डावीकडून कोणी आलं तर ते एकदम अंगाशी उगवल्यासारखं वाटतं, मधला रस्ता चालून आलेलंच नसतं. आमच्या वसाहतीत म्हाताऱ्या माणसांसाठी विरंगुळा केंद्र आहे, कॅरम, पेपर, भजन असं चालतं. तिथे डोळे तपासायला एक तरुण डॉक्टर बाई आल्या होत्या. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजोबा, काचबिंदू वाटतोय. मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण तपासणी करा, घरच्या कोणाला तरी घेऊन जा. जेवढी नजर गेली ती परत येत नाही, पण थेंब सुरू केले तर राहिलेली धरून ठेवता येते." मी विचारलं, गाडी चालवली तर चालेल का. त्या म्हणाल्या, तपासणी होईपर्यंत नको. घरी येऊन मी सांगितलं की नंबर वाढलाय. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून नातीला आणायला गेलो.

का गेलो, हे तुम्हाला तरी सांगायला हवं. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, त्यांचं घर उलव्याला. पोरीला शाळेतून आणून, जेवू घालून, सून येईपर्यंत सांभाळायची, हे माझं काम. दिवाळीला सगळे जमले होते तेव्हा मुलगा सासऱ्यांना म्हणाला, "बाबा आहेत म्हणून आमचं चाललंय." असं वाक्य माझ्याबद्दल कोणी उच्चारलेलं मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं. माझ्या भीतीची सगळ्यांना सवय आहे. माझा आधार वाटतो, हे मला नवीन होतं. ते मला सोडवेना.

आता तुमची आठवण का आली ते लिहितो. त्याच केंद्रात एक निवृत्त शिक्षिका आम्हाला इंग्रजी बोलायला शिकवतात. नातवंडं घरात इंग्रजी बोलतात आणि आजी-आजोबा नुसते माना हलवतात, म्हणून हा वर्ग निघाला. गेल्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलं, लिटल बाय लिटल, आणि म्हणाल्या, "याचा अर्थ हळूहळू, थोडं थोडं करत पुढे जाणं. प्रत्येकाने एक वाक्य करा." गुरुजी, ती अक्षरं बघितली आणि माझ्या तळपायाला चिखल लागल्यासारखं झालं. बाकीच्यांची वाक्यं सुरू झाली. बँकेतून निवृत्त झालेले एक जण उठून म्हणाले की लिटल बाय लिटल विमानतळ तयार झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब, तो होईपर्यंत आपली पोरं म्हातारी झाली, कसलं लिटल." एक आजी म्हणाल्या की लिटल बाय लिटल माझी सून माझं ऐकायला लागली आहे, आणि दुसरीने विचारलं, हे सुनेला माहीत आहे का. सगळे हसले. मग माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "लिटल बाय लिटल माय इंग्लिश इज इम्प्रूव्हिंग." टाळ्या पडल्या. बाई व्हेरी गुड म्हणाल्या. मी खाली बसलो तेव्हा कान गरम झाले होते. तुमच्या वर्गात हे वाक्य चाललं नसतं.

तुमचा नियम होता, जे स्वतः बघितलंय त्याचंच वाक्य. आठवीच्या वर्गात तुम्ही पहिल्याच दिवशी गाइड बंद करायला लावलं होतंत. राजा, वाघ, विलायतेतलं बर्फ, यातलं तुम्ही कोणी काही बघितलेलं नाही, त्याची वाक्यं करू नका, म्हणालात. तुम्ही घाटावरचे, आमच्या खाडीकाठाला नवीन. ओल्या पायवाटेवरून चालताना चपला हातात घेऊन चालायचात आणि बायका पदर तोंडाला लावायच्या. तरी आम्ही करंदी, होडी, मीठ, बांध यांची वाक्यं केली की तुम्ही ते काय ते विचारून घ्यायचात, मगच इंग्रजी दुरुस्त करायचात. एक दिवस फळ्यावर हाच वाक्प्रचार होता. पोरांनी लिहिलं की आई थोडे थोडे जाळे विणते, बाप थोडी थोडी होडी रंगवतो. मी लिहिलं की लिटल बाय लिटल वॉटर इज कमिंग इन अवर बांध. तुम्ही ते वाचून भुवया चढवल्यात. "काय रं, हा शब्द चांगल्या गोष्टीला वापरतात. प्रगतीला. बांधात पाणी येणं ही काय प्रगती झाली?" वर्ग हसला. मी मान खाली घालून उभा राहिलो. बसलो मात्र नाही. मग तुम्ही आवाज बदलून विचारलंत, "स्वतः बघितलंस?"

बघितलं होतं. आमची भातशेती खाडीला लागून. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध, आणि तो सगळ्या गावाने मिळून राखायचा. बांधाच्या आतल्या अंगाला, शेताकडच्या बाजूला, मला एक ओला डाग दिसला होता, आणि तो रोज थोडा वाढत होता. घरी सांगितलं तर बाप म्हणाला, "याला रोज कायतरी दिसतं." त्याचं चूक नव्हतं. मी त्याआधी साप बघितला होता जो दोरी निघाला, आणि वादळ बघितलं होतं जे आलंच नाही. गावात माझं बोलणं कोणी मनावर घेत नसे. तुम्ही मात्र घेतलंत. खडू खाली ठेवलात, वर्गाला गप्प बसायला सांगितलंत, आणि मला म्हणालात, "चल, दाखव."

ती दुपार मला अजून दिसते. डावी, उजवी, सगळी बाजू दिसते. पुनवेचं उधाण भरत आलेलं, खाडी बांधाच्या छातीला टेकलेली. तुम्ही धोतर वर खोचून माझ्या मागून चालताय आणि प्रत्येक पावलाला घोट्यापर्यंत रुतताय. डागाजवळ पोचलो तर तो डाग राहिला नव्हता, बोटाएवढी धार लागली होती. तुम्ही वाकून तिच्याखाली ओंजळ धरलीत आणि पाणी बघितलंत. मला पळत गावात धाडलंत. मी बापाला आणलं, बापाने आणखी माणसं आणली. बाप येताना कुरकुरत होता. तुम्ही ओंजळ पुढे केलीत. त्याने त्यातलं पाणी बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पाणी गढूळ होतं. निवळ पाणी झिरपलं तर घाई नसते, गढूळ आलं म्हणजे बांधाची माती आतून सुटायला लागली, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. चिंबोरीने पोखरलेलं बीळ आरपार झालं होतं. पुढची भरती चढली असती तर बांधाला खांड पडून सगळी खाडी भातात आली असती. माणसं चिखल आणि पेंढा घेऊन उभी राहिली.  तुम्हाला काही जमत नव्हतं, तरी तुम्ही पेंढ्याचे भारे देत राहिलात, एकदा भाऱ्यासकट बसकण मारलीत, आणि तेव्हाही कोणी हसलं नाही. पाणी थांबलं तेव्हा बाप माझ्याजवळ आला. त्याने चिखलाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि केस भरवले, एवढंच.

बिळाजवळचा तुकडा खारावला तो खारावलाच. तिथे नंतर भात विरळच येई. पण बाकीचं शेत राहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझं वाक्य दुरुस्त करून फळ्यावर लिहिलंत आणि म्हणालात, "काल मी चुकीचं शिकवलं. ज्याची चाल डोळ्याला दिसत नाही, त्या सगळ्याचा हा शब्द. चांगल्याचाही आणि वाईटाचाही." वाक्याभोवती चौकोन काढलात आणि कोपऱ्यात लिहिलंत, पुसू नये. आठवडाभर कोणी पुसलं नाही. गणिताचे गुरुजी आले तरी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर गणितं सोडवत. मी शाळा अर्धी सोडून मिठागरावर गेलो, नंतर शेत नव्या शहरासाठी सरकारने घेतलं, मी कंपनीत लागलो. बक्षीस असं मला पुढे कधी मिळालं नाही.

पण त्यानंतर मला चटक लागली होती हेही तुम्हाला आठवत असेल. मी रोज भीतीची वाक्यं आणायला लागलो. छप्पर पडणार, होडी बुडणार, विहीर आटणार. एक दिवस तुम्ही माझी वही बाजूला ठेवून सर्वांदेखत म्हणालात, "भीती वाटली म्हणून वाक्य खरं होत नाही. आधी जाऊन बघ, मग बोल." मी रडलो होतो. आज ते उलटं झालंय. आज मी बघितलंय आणि बोलत नाही.

परवा काय झालं तेही लिहितो, म्हणजे किल्ली का उचलवत नाही ते कळेल. नातीला घेऊन उलव्याच्या आतल्या रस्त्याने येत होतो. ती मागे, माझा शर्ट दोन्ही मुठींत धरून. सकाळचा माल विकून परत चाललेला एक इडलीवाला सायकलवरून कुठेतरी पोंगा वाजवत होता. तो आवाज मला येत होता, मी त्याला शोधतही होतो. समोर नव्हता, उजवीकडे नव्हता. मी वळलो आणि सायकलच्या हँडलला माझं हँडल घासलं. त्याने पाय टेकून सायकल सावरली, पण भांडं आडवं झालं आणि चटणी रस्त्यावर सांडली. आमच्या मागून डंपर येत होता. त्याचा ब्रेक लागल्याचा आवाज मी पाठीत ऐकला. इडलीवाला ओरडलासुद्धा नाही. तो नुसता म्हणाला, "अंकल, इतना बजाया मैंने. पीछे बच्ची है ना?" नातीला वाटलं गंमत झाली. ती घरापर्यंत पोंग्याचा आवाज काढत आली. मी काल सर्दीचं निमित्त करून सुनेला सुट्टी घ्यायला लावली. आज निमित्त नाही.

धार लागली आहे, गुरुजी. पाणी निवळ आहे असं मी स्वतःला अजून किती दिवस सांगू? बायको आतून विचारतेय, "अवो, निघायचं नाय काय? पोर वाट बघल." उठतो.

परत आलो आहे. पुढे लिहितो.

मी किल्ली घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिला म्हणालो, स्कूटर चालू होत नाही, आज रिक्षाने जाऊ, तू पण चल. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बरं झालं." एवढंच. खाली जाऊन बघू, ढकलून बघू, असलं काही तिने म्हटलं नाही. किल्ली माझ्या हातातून घेतली आणि तांदळाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. मग चप्पल घालताना मला दिसलं, की दाराच्या डावीकडे जी बादली असायची, आणि तिच्या शेजारी स्टूल, ते तिथे नाही. पूर्वी मी त्यांना रोज ठेचकाळायचो. हल्ली ठेचकाळत नव्हतो, आणि मला वाटत होतं की मी जपून चालायला शिकलो.

रिक्षात ती माझ्या डाव्या अंगाला बसली. बेलापूर गेलं. मग तिने बाहेर बघतच विचारलं, "कवापासनं?" मी सांगितलं, दिवाळीपासून. ती म्हणाली, "मना गनपतीपासनं वाटतंय." म्हणजे माझ्याही आधी तिने डाग बघितला होता. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुमी एवढ्या एवढ्याचा बोभाटा करता. हेचा केला नाय, म्हनून मी पन घाबरली."  डॉक्टर बाईंनी काय सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. आणि मग, सांगावं की नाही असं करता करता, इडलीवाल्याचं सांगितलं. डंपरचंही. तिचा हात माझ्या मांडीवर होता, तो तिने काढून घेतला. खाडीचा पूल गेला, वहाळ गाव गेलं. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. शाळेचं फाटक दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "पोरीला कायतरी झालं असतं तर तुमाला मी घरात घेतलं नसतं." तिने आवाज चढवला नव्हता. पोरगी फाटकातून पळत आली, आजीला बघून आणखी जोरात पळाली, आणि तिने विचारलं की स्कूटर कुठे आहे. आजी म्हणाली, "स्कूटर म्हातारी झाली." मग तिने पोरीला उजवीकडे दिलं आणि स्वतः माझ्या डाव्या बाजूला आली. आम्ही तसेच रस्ता ओलांडला.

फाटकापाशी उभं राहूनच मुलाला फोन लावला होता. म्हणालो, संध्याकाळी आमच्याकडे ये, बोलायचंय. तो म्हणाला, "काय झालं? परत खांब का?" मी म्हणालो, खांब नाही. तो म्हणाला, येतो. पोरीला आज इकडेच घेऊन आलो आहोत, ती आत झोपली आहे. मुलाला काय सांगायचं ते मी घोकतोय. डोळ्यांचं सांगेन. इडलीवाल्याचं सांगताना तोंड उघडेल की नाही याची खात्री नाही, पण बायको समोर बसणार आहे, ती मला उठू देणार नाही. नंतर तो कधी मला पोरीबरोबर एकटं सोडेल का, हा विचार मी करत नाही असं म्हटलं तर ते खोटं वाक्य होईल. पुढच्या तासाला बाईंनी नवीन वाक्य आणायला सांगितलंय. ते मी तयार केलं आहे आणि पहिल्यांदा तुम्हालाच दाखवतो. लिटल बाय लिटल द लेफ्ट साइड इज गोइंग. चूक असेल तर असो. स्वतः बघितलेलं आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी आता पाठवता आलं नसतं. बायको आत्ताच चहा घेऊन आली. तिला वाचता येत नाही, पण कागद उचलून तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "अवो, तुमी टेबलावर लिवलंय." मी हात लावून बघितला. कितीतरी ओळींची पहिली अक्षरं कागदाच्या बाहेर, टेबलावरच्या प्लॅस्टिकवर पडली आहेत. तिने फडकं हातात घेतलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि न पुसता आत गेली. मला वाटत होतं, मी कागदावरच लिहितोय.